भिंतीवरच्या माझ्या सह्या

दार पुरतं न उघडता, कडी हातात धरून फटीतून बघणारी माणसं मी नोकरीत इतकी पाहिली, की पहिल्याच हाकेला कोणी दार सताड उघडलं तर मलाच शंका यायची. मी मलेरिया खात्याचा माणूस. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात काचपट्ट्या, सुया, स्पिरिटची बाटली आणि कडू गोळ्या. दर पंधरा दिवसांनी नेमून दिलेल्या प्रत्येक घरी जायचं, कोणाला ताप येऊन गेला का ते विचारायचं, आला असेल तर बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि पुढचं घर गाठायचं. नागपूरच्या आजूबाजूच्या वस्त्यांत हेच करत मी केस पांढरे केले.

लोकांचा आमच्यावर विश्वास कधीच नव्हता. सुरुवातीला त्यांना वाटायचं की आम्ही रक्त विकतो. पुढे नसबंदीच्या सक्तीचे दिवस आले आणि माझ्या पिशवीपेक्षा माझ्या वहीची धास्ती बसली. त्या दिवसांत वरून हुकूम आला म्हणून घरोघरच्या पुरुषांची यादी मीही केली होती. ही गोष्ट मी कोणाला आपणहून सांगत नाही. पण दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा असा आग्रह झाल्यावर ती गाळून पुढचं लिहिता येईना.

आता भिंतीबद्दल सांगतो. त्या काळी प्रत्येक घराच्या दाराशेजारी गेरूने रकाने आखलेले असत. आम्ही घरी गेलो की त्या रकान्यात पेन्सिलने तारीख घालायची आणि सही करायची. आमचे साहेब तपासणीला आले की माणसांना काही विचारत नसत, भिंती वाचत पुढे जात. सही नसली म्हणजे तुम्ही त्या घरी गेलाच नाहीत, मग त्या घरात बसून तुम्ही तीनदा चहा प्यालेला का असेना. त्यामुळे निघताना हात आपोआप भिंतीकडे जायचा. बायको म्हणायची की एक दिवस तुम्ही आपल्याच घरातून निघताना सही करून जाल.

ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली ही हकिगत. नागपुरात धंतोलीला मनाच्या आजारांचे एक डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात अख्ख्या विदर्भातून पेशंट यायचे, आणि गोळ्या लिहून देण्यापलीकडे कोणाशी दोन शब्द बोलायला त्यांना सवड नसायची. तेव्हा त्यांनी ठरवलं की बोलायचं काम शिकवून इतरांकडून करून घ्यायचं. आमच्या-आमच्या खात्यांकडून त्यांनी आम्हा पाच जणांना आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, मागून घेतलं. दोन नर्सबाया, एक कंपाउंडर, एक ग्रामसेवक आणि मी. ज्या माणसाने जन्मभर फक्त "ताप आला का?" हा एकच प्रश्न विचारला, त्याला मनावर इलाज करायला बोलावलं होतं. स्वस्तातली माणसं लावून काम उरकायचा हा डाव आहे, असं मला तेव्हा वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते पूर्णपणे खोटंही नव्हतं.

सहा आठवडे डॉक्टरांनी आम्हाला शिकवलं. त्यांचं सांगणं साधं होतं. भीतीचा किंवा संशयाचा विचार आला की माणूस त्याच्याशी भांडत बसतो, त्याला हाकलायला बघतो, आणि त्यात त्याचा दिवस जातो. आपण पेशंटला भांडायला लावायचं नाही. विचार खरा की खोटा यावर वाद घालायचा नाही. तो आला आहे हे कबूल करायचं, त्याला तिथे असू द्यायचं आणि हातातलं काम, जे त्या माणसाला मनापासून करायचं आहे, ते करायला लावायचं. डॉक्टर म्हणायचे, "अमरावती रोडवरून ट्रक जातो, घर हादरतं. तुम्ही ट्रक थांबवायला रस्त्यावर जाता का? भाजी चिरत बसता. तसंच." कंपाउंडरने हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. ट्रक जात असताना बोट कापलेल्या बाया मी पाहिल्या होत्या.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड. मला अंगणात स्टुलावर बसवून त्यांनी आधी ओळखपत्र मागितलं, मग शिक्षण, पगार, सासुरवाडी. तीन बुधवार मी उत्तरं देत राहिलो आणि ते मान डोलावत राहिले. चौथ्या बुधवारी ते म्हणाले, "आता तुमची तब्येत बरी वाटून राहिली." माझं शिक्षण त्यांच्याकडे झालं असं मी समजतो, कारण समोरचा गप्प बसून ऐकतो आहे असं वाटलं की माणूस काय काय बोलून जातो, हे मला तिथे कळलं.

यानंतर डॉक्टरांनी माझ्याकडे सुमनबाईंना सोपवलं. ज्यांच्यामुळे मी हे लिहायला बसलो त्या याच.

सुमनबाई अमरावती रोडवरच्या वाडीला राहायच्या. गोडाऊनच्या मागे आठ खोल्यांची पत्र्याची चाळ होती, तिच्यातली पाचवी खोली. ही चाळ माझ्या पंधरवड्याच्या फेरीतही होती. त्यांचे यजमान दादाराव ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये हमाली करायचे. बाई सातवी पास, तिशी ओलांडलेल्या, बोलायला कमी. घर लख्ख. फळीवर पितळेची छोटी बुद्धमूर्ती, तिच्याखाली ओळीने घासलेली भांडी. त्यांना झोप लागेना, जेवण जाईना, आणि लोक आपल्यावर नजर ठेवून आहेत असं वाटे. एकदा त्या घाबरून भर रस्त्यात धावत गेल्या होत्या. सक्तीच्या दिवसांत दादारावांना गोडाऊनमधून गाडीत घालून नेलं होतं, तेव्हापासून त्यांना वही-पेन्सिलवाला माणूस दिसला की धडकी भरायची. ती यादी माझी नव्हती. पण माझ्यासारख्याच कोणाची तरी होती.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप आली. बोलायचं काम माझं. दर बुधवारी दुपारी मी जायचो. दार उघडं ठेवून त्या आत बसायच्या आणि मी उंबऱ्याजवळ. तुम्हाला काय करावंसं वाटतं, असं मी शिकवल्याप्रमाणे विचारलं. त्या म्हणाल्या की सकाळी सगळ्या बायांबरोबर हापशीवर पाणी भरायला जावंसं वाटतं. वाडीत पाण्याची हापशी एकच. सकाळी तिथे बायांची गर्दी, गप्पा, भांडणं, सगळं असायचं. सुमनबाई मात्र भर दुपारी, उन्हात, रस्ता रिकामा झाला की एकट्या जायच्या. का, तर त्या जवळ गेल्या की बाया बोलायच्या थांबत.

मी त्यांना ट्रकचं सांगितलं.

"ट्रक तं निघून जाते, भाऊ," त्या म्हणाल्या. "हे लोकं तं उभेच राहते."

पुढच्या एका बुधवारी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "भिंतीवर आमच्याबद्दल लिहून ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याले वाचता येते." बोलताना त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी शिकवल्याप्रमाणे वाद घातला नाही. खरं की खोटं यात गेलो नाही. म्हटलं, असा विचार येतो आहे, येऊ द्या, त्याला घेऊनच हापशीवर जाऊन बघा. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. निघताना मी वहीत नोंद केली आणि उठलो.

त्यानंतर गेलो तर दाराशेजारच्या भिंतीवर ताजा चुना मारलेला. रकाने, तारखा, सगळं गायब. मला त्यांची कीव आली. मी दवाखान्याच्या वहीत लिहिलं, "भिंत पुसते." आणि खात्याचा माणूस म्हणून मला त्या कोऱ्या भिंतीची काळजीही वाटली. साहेब तपासणीला आले तर काय म्हणतील? मी पट्टी काढली, रकाने पुन्हा आखले आणि डायरीत बघून मागच्या सगळ्या तारखा नीट उतरवून काढल्या. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं. पुढच्या बुधवारी भिंत पुन्हा पांढरी. मी पुन्हा आखली. असं चारदा झालं. प्रत्येक वेळी मी वहीत लिहिलं, "भिंत पुसते, प्रमाण वाढत आहे."

वाचणाऱ्याला इथे जे दिसतं आहे ते मला दिसत नव्हतं. मी मूर्ख होतो म्हणून नव्हे, असं म्हणायला मला आवडेल. पण सही करणं हे माझ्या दृष्टीने लिहिणंच नव्हतं. चप्पल घालावी तसं ते होतं.

महिन्याच्या शेवटी डॉक्टरांनी वही वाचली. दादारावांना बोलावून घेतलं. दादाराव खालमानेने म्हणाले, "साहेब, मी सकाळी सातले गोडाऊनले जातो. मागं घरी कोणी नाही. तिनं काही करून घेतलं तं?" डॉक्टरांनी विचार करून सांगितलं की काही महिने मनोरुग्णांच्या मोठ्या इस्पितळात ठेवू. शुक्रवारी न्यायचं ठरलं. त्या काळी तिथे ठेवलेल्या बाईला परत आणायला घरचे जातीलच असा भरवसा नसे. चाळीतल्याच एका खोलीतली बाई चार वर्षांपूर्वी तिथे गेली होती, आणि तिच्या नवऱ्याने दुसरा संसारही थाटला होता. दादाराव तसे नव्हते. पण त्या बाईचा नवरा तरी सुरुवातीला तसा कुठे होता?

डॉक्टरांनी लिहिलेली भरतीची चिठ्ठी घेऊन बुधवारी मी वाडीला गेलो. सुमनबाईंकडे जाण्याआधी हापशीपाशी थांबलो. तिथे पहिल्या खोलीतल्या गिरजाबाई कळशी घासत होत्या. चाळीतल्या सगळ्या बातम्या त्यांच्याकडे असत. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं की सुमनबाई आल्या की तुम्ही बाया गप्प का होता. त्या नाकारतील, आणि मी समाधानाने चिठ्ठी द्यायला जाईन, अशी माझी खात्री होती.

गिरजाबाईंनी कळशी बाजूला ठेवली. "तं काय करावं? तिच्या डोक्याचं चालू आहे, साऱ्याइले ठाऊक आहे. कोणती गोष्ट लागंल काय सांगता येते?"

कोणी सांगितलं, मी विचारलं. दादाराव तर कोणाला काही बोलत नव्हते.

"सांगाले काहून पायजे? तुम्ही मलेरियाचे आमच्या घरी पंधरा दिवसानं येता. तिच्या घरी दर बुधवारी. अन् बुधवारचं तुमचं काम धंतोलीच्या डोक्याच्या दवाखान्याचं, हे वाडीत कोणाले ठाऊक नाही? भिंतीवर तारखा आहे नं. तिनं पुसल्या तं तुम्हीच पुन्हा लिहून देता."

मी मागे वळलो आणि साहेब वाचत तशा त्या आठ भिंती वाचत गेलो. पहिल्या खोलीवर महिन्यात दोन तारखा. दुसरीवर दोन. तिसरी, चौथी, दोन, दोन. पाचवीवर या आठवड्यात चुना लागला नव्हता; रकाने भरून खालच्या ओळीत गेलेले, वळणदार अक्षरात, एकही बुधवार न चुकवता. सहावीवर दोन.

सुमनबाईंना लोक त्यांच्याबद्दल भिंतीवर लिहितात असं वाटत होतं, आणि लिहीत होतो मी. बाया गप्प होतात असं त्यांना वाटत होतं, आणि त्या माझ्यामुळे गप्प होत होत्या. वर मी त्यांना सांगत होतो की हा विचार नुसता येऊ द्या. लाज वाटली हे सांगायला आता संकोच नाही. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती, कारण चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि ती माझ्याच नोंदीवरून लिहिलेली होती.

मी सुमनबाईंच्या दारावरून तसाच पुढे गेलो आणि बस पकडून धंतोली गाठली. डॉक्टर पेशंट बघत होते. दोन तास बाकावर बसून राहिलो. आत गेल्यावर सगळं सांगितलं. माझी नोकरी जाईल की नाही याची मनात चाचपणीही चालू होती, तीही लपवत नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली, माझ्या ओळी पुन्हा वाचल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाद घालू नका असं मीच शिकवलं, पण भिंत बघू नका असं सांगितलं नव्हतं, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "चूक निम्मी माझी आहे," आणि शुक्रवारचं रद्द केलं. मी "भिंत पुसते" ही ओळ खोडायला पेन काढलं, तर त्यांनी माझा हात धरला. खोडायची नाही. खाली लिहायचं, काय झालं ते.

आजार खोटा होता असं मात्र मी म्हणत नाही. झोप खरोखर गेली होती, भीती खरोखर होती, गोळ्या पुढेही लागल्या. संशयी माणसाचा प्रत्येक संशय खोटा असतो हे आम्ही धरून चाललो, एवढाच त्यातला आमचा वाटा.

गुरुवारी मी वाडीला गेलो. बुधवार नसताना मला बघून सुमनबाई दारातच उभ्या राहिल्या, कडी हातात धरून. न्यायला आलो असंच त्यांना वाटलं. दादारावांनी त्यांना सांगितलं नव्हतं, पण ट्रंकेतली लुगडी काढून ठेवलेली त्यांनी पाहिली होती. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की शुक्रवारचं रद्द झालं आहे आणि तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. भिंतीवर मीच लिहीत होतो.

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. त्या माझ्या पिशवीकडे बघत होत्या.

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुमचंच अक्षर आहे. मी सातवी शिकली आहे."

मग मला का नाही म्हणालात, मी विचारलं.

"तुमचं नाव घेतलं असतं तं तुम्ही ते भी वहीत लिहून नेलं असतं."

मी ते नक्कीच लिहिलं असतं. "उपचार करणाऱ्यावर संशय," असं लिहिलं असतं, आणि डॉक्टरांनी एक गोळी वाढवली असती.

मी खिशातून रुमाल काढला आणि भिंत पुसायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. आत जाऊन त्या चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"माह्याच घरची पुसली तं ते भी दिसते," त्या म्हणाल्या. "साऱ्या चाळीची पुसा."

पाच माणसांना सहा आठवडे शिकवून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते या बाईने एका वाक्यात सांगितलं. मी बाह्या सरसावल्या. भर दिवसा, सगळ्या बायांच्या देखत, सरकारी माणसाने आठही घरांचे सरकारी रकाने चुन्याने पुसून काढले. गिरजाबाईंनी काय चाललं आहे विचारलं, तर म्हटलं, नवीन पद्धत आली आहे, आता भिंतीवर लिहायचं नाही. सुमनबाई माझ्या मागून एकेका दाराशी येत होत्या आणि जिथे पेन्सिल दिसत होती तिथे बोट दाखवत होत्या. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता म्हणून नव्हे. मी काही उरवून ठेवीन अशी त्यांना खात्री होती म्हणून.

पंधरा दिवसांनी साहेब तपासणीला आले आणि आठ कोऱ्या भिंती बघून गेले. सरकारी नोंदी नष्ट केल्याबद्दल खुलासा करा, असा मेमो मला आला. मी खुलासा दिला की चाळीत रंगरंगोटी झाली. तो मेमो मी जपून ठेवला आहे. नोकरीत मला मिळालेल्या कागदांपैकी तो एकच मी मुलांना दाखवला.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. चुना मारल्यानंतरच्या बुधवारी मी दुपारची वाट न बघता सकाळीच वाडीला गेलो. झोप लागली नव्हती. पाचव्या खोलीला कुलूप. दादारावांनी माझ्या मागे त्यांना नेलं असेल का? डॉक्टरांनी परस्पर काही ठरवलं असेल का? इतकी वर्षं दुसऱ्यांचे संशय ऐकले, पण संशय माणसाला कसा पळवतो ते त्या कुलपासमोर कळलं. ट्रक जाऊ द्या आणि भाजी चिरा, हे स्वतःला सांगून बघितलं. जमलं नाही. मी जवळजवळ धावतच रस्त्याकडे निघालो.

हापशीवर बायांची रांग होती. चौथ्या नंबरला सुमनबाई उभ्या होत्या, कमरेवर कळशी. कोणाशी बोलत नव्हत्या. एक-दोघी त्यांच्याकडे बघून गप्पही झाल्या. सुमनबाईंची मान ताठ होती आणि कळशी धरलेली बोटं पांढरी पडली होती, पण त्या रांग सोडून जात नव्हत्या. पुढची बाई हलली तशा त्याही एक पाऊल पुढे सरकल्या.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. क्षणभर बघितलं आणि ओळख नसल्यासारखं तोंड फिरवलं. मीही ओळख दाखवली नाही. खाकी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि वाटसरूसारखा रांगेच्या कडेने पुढे निघून गेलो. मागून हापशीचा दांडा करकरला आणि रिकाम्या कळशीत पाणी पडायला लागलं.

त्या बुधवारची तारीख मला आजही पाठ आहे. तेव्हा ती मी डायरीत लिहिली नाही, दवाखान्याच्या वहीत नाही, भिंतीवर तर नाहीच. इथेही लिहीत नाही.